दोन सुतळ्या आणि एक वही: गावकारभाऱ्यांना नियोजन कसं शिकवावं

शहादा तालुक्यातल्या एका संस्थेत नव्याने रुजू झालेल्या कार्यकर्त्याचा प्रश्न आहे. सरपंच, बचत गटांच्या अध्यक्षा, वन समिती आणि पाणी समितीचे सदस्य अशा ३० जणांना दोन दिवसांत 'प्रकल्प नियोजन' शिकवायचं आहे. स्लाइड तयार आहेत, तक्ते तयार आहेत. पण मागच्या वर्षी असंच शिबिर झालं तेव्हा लोकांनी माना डोलावल्या, अभिप्रायात 'जेवण चांगलं होतं' असं लिहिलं आणि सहा महिन्यांनी बघितलं तर एकाही गावात काही हललेलं नव्हतं. ते विचारतात, "लोकांना नियोजनाचं महत्त्व कसं पटवून द्यावं? आणि शेवटी प्रमाणपत्र द्यावं का?"

जेवणाचा अभिप्राय वाचून मला माझं पहिलं शिबिर आठवलं. २२ वर्षं झाली. साक्री तालुक्यातल्या एका शाळेच्या खोलीत मी फळ्यावर चार रकाने आखले होते: ध्येय, उद्दिष्ट, निष्पत्ती, परिणाम. पुण्याहून शिकून आले होते, उत्साह दांडगा. तासाभराने मागच्या बाकावरचे एक वयस्कर सरपंच म्हणाले, "ताई, हे चारी भाऊ एकाच घरचे दिसतात. यात थोरला कोणता?" मला उत्तर देता आलं नाही. सगळे हसले, मीही हसले. त्या दिवशी तिथं फक्त वरण-बट्टी यशस्वी झाली.

तेव्हा पहिल्यांदा प्रश्नच जरा बदलून घेऊ. महत्त्व पटवून द्यायचं हे डोक्यातून काढून टाका. तुमच्यासमोर जे ३० जण बसणार आहेत, त्यांना नियोजन येतं. श्रावणात कानबाई, म्हणजे आपल्या खानदेशची देवी, घरात बसते तेव्हा बघा. भाऊबंदकीतल्या घरोघरची माणसं मोजून सव्वाच्या मापाने रोटांचं धान्य काढलं जातं, कोणाच्या घरी बसवायची ते ठरलेलं असतं, दळण कोण करणार, पुरण कोण वाटणार, विसर्जनाला वाजंत्री कोण सांगणार, सगळं ठरलेलं. मध्येच कोणाकडे सुतक पडलं तर काय करायचं, याचाही नियम आहे. वर सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात गेलात तर होळीचं बघा. एकमेकांच्या होळीला जाता यावं म्हणून गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी, त्याआधी भोंगऱ्याचे बाजार, आणि हे सगळं एका कागदाशिवाय. ज्याला तुम्ही स्लाइडवर जोखीम व्यवस्थापन म्हणणार आहात, ते या बायामाणसांनी दर वर्षी केलेलं आहे.

मग अडतं कुठे? परक्याच्या पैशाने, परक्याच्या वेळापत्रकात आणि परक्याच्या सहीने काम करायचं असतं तिथे. कानबाईला धान्य आपलं, हात आपले, तिथी ठाऊक. सरकारी किंवा संस्थेच्या कामात यातलं काहीच आपल्या हातात नसतं. अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? मागेल. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, गटार, स्मशानभूमीची शेड, सगळं लिहून देईल, कारण दहा ठिकाणी गळ टाकला तर एखादा मासा लागतो हे त्याने पाहिलेलं आहे. 'आमचा गाव, आमचा विकास' या सरकारी कार्यक्रमाखाली गावांनी आपले विकास आराखडे करायला लागून आता दहाएक वर्षं झाली. मी पाहिलेले बहुतेक आराखडे म्हणजे मागण्यांची लांबलचक यादी आहे. याला अडाणीपणा म्हणू नका, हा अनुभवातून आलेला व्यवहार आहे. आपण शिकवायचं ते एवढंच: त्या यादीतली एक मागणी उचलून तिचं काम कसं करायचं. म्हणजे कोण, कधी, किती, कशातून आणि नंतर सांभाळणार कोण.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधीच सांगते, नाहीतर माझं उत्तर तुम्ही जसंच्या तसं उचलाल आणि फसाल. तापीकाठची केळी-पपईची गावं आणि धडगाव-अक्कलकुव्याचे पाडे यांना एकच शिबिर चालत नाही. पाड्यांवर तुमचं पुस्तकी मराठी अर्धं हवेत जातं. पावरी किंवा भिली बोलणारा गावातलाच साथीदार लागतो, आणि तो दुभाषा म्हणून कोपऱ्यात बसवू नका, त्यालाच शिकवू द्या. नंदुरबार जिल्ह्यातली पुष्कळ गावं पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतात, तिथे ग्रामसभेचा अधिकार आणि पेसाचा निधी ही मोठी चावी आहे. शेजारच्याच गावात ती नसते. निवडणुकीला सहा महिने उरले असतील तर सरपंचाचं लक्ष वेगळीकडे असतं आणि ते साहजिक आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमची संस्था स्वतः पैसे देणार आहे का? देणार असेल तर लोक तुमच्या आवडीचा आराखडा करतील. तुम्हाला झाडं आवडतात असं कळलं की प्रत्येक गावाला अचानक झाडं हवी होतात. हे मी स्वतः घडवलेलं आहे, म्हणून सांगते.

माझी मुख्य साधनं दोन: सुतळी आणि शंभर पानी वही.

शाळेच्या ओट्यावर नाहीतर मंदिराच्या पारावर दोन खांबांना दोन सुतळ्या बांधते, एकीखाली एक. वरची गावाची. तिला गाठी मारायच्या त्या लोकांनीच: मृग, कानबाई, पोळा, नवरात्र, दिवाळी, संक्रांत, होळी, आखाजी (म्हणजे अक्षय तृतीया). मग प्रत्येक गाठीजवळ चिठ्ठ्या लटकवायच्या. कपाशीची लावण कधी, फवारणी कधी, वेचणी कधी ऐन भरात असते, मिरची कधी तोडतात, पाड्यातली माणसं ऊसतोडीला कधी जातात आणि कधी येतात, विहिरी कधी तळ गाठतात, नाल्याला पूर कधी असतो. लिहिता न येणाऱ्या बाया चित्र काढतात किंवा सरळ कापसाचं बोंड बांधतात. या सुतळीला एक तास लागतो आणि तो तास कधीच कंटाळवाणा होत नाही, कारण भांडणं होतात. पुरुष म्हणतात वेचणी दिवाळीनंतर, बाया म्हणतात दसऱ्यापासून आमची कंबर मोडते, तुम्ही बाजारात बसलेले असता.

खालची सुतळी सरकारची. आर्थिक वर्षाचे १ एप्रिल आणि ३१ मार्च, ग्रामसभांचे १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम कधी, निधी साधारण कधी पडतो, बिलं कधी अडकतात. इथे ग्रामसेवकाला बोलतं करायचं. (आता हुद्द्याचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात कोणी तसं म्हणताना मी ऐकलेलं नाही.)

दोन्ही सुतळ्या वर-खाली दिसायला लागल्या की पारावर शांतता पसरते. आराखड्याच्या ग्रामसभा सुरू होतात २ ऑक्टोबरपासून आणि पुढे दोन-तीन महिने चालतात. म्हणजे वेचणी ऐन भरात असते तेव्हा. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोणी गुजरातेत बारडोलीकडे, कोणी पश्चिम महाराष्ट्रात. त्यांनी पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते, थांबणं हातात नसतं. काही होळीला येतात, उरलेले आखाजीपर्यंत. ज्यांना पाण्याची आणि मजुरीची सर्वांत जास्त गरज, तेच आराखडा होताना गावात नाहीत. पुढे ३१ मार्चला सरकार पैसे संपवायची घाई करतं आणि खरं मातीचं काम करायचे दिवस त्यानंतर सुरू होतात. हे गावाला 'माहीत' असतं, पण समोर टांगलेलं पाहिलेलं नसतं. एका बचत गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या होत्या, "म्हणजे आपली सभा पोळ्याच्या आधी घ्यायची आणि ऑक्टोबरात नुसता ठराव वाचायचा." स्लाइडवर हे मी कधीच शिकवू शकले नसते. तेव्हापासून मी सगळ्या गावांना हेच सुचवते: टोळ्या निघायच्या आत, पाड्या-पाड्यावर, रात्री जेवणानंतर बसून प्राधान्य ठरवा आणि ते वहीत लिहून ठेवा.

प्राधान्य कसं ठरवायचं यावर फार वेळ घालवत नाही. प्रत्येकाला पाच सरक्या द्यायच्या, कामांची चित्रं जमिनीवर मांडायची, हव्या त्या चित्रावर सरक्या टाकायच्या. फक्त बायांच्या आणि पुरुषांच्या सरक्या वेगळ्या रंगवून घ्या. शिरपूरकडच्या एका गावात पुरुषांचा ढीग सभामंडपावर पडला आणि बायांचा नाल्यावरच्या फरशी पुलावर, कारण पावसाळ्यात पोरं शाळेला पलीकडे जाऊ शकत नाहीत आणि त्यांना सांभाळायला आईची मजुरी बुडते. कोणाचं बरोबर हे मी सांगितलं नाही. ढीग दिसत होते.

आता मोजमाप. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण गावकारभारी इथेच कच्चे असतात आणि इथेच ठेकेदार त्यांना गुंडाळतो. उदाहरण शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावाचं देते, २०२५ च्या उन्हाळ्यातलं. पाझर तलाव गाळाने भरलेला. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून ऐकून सगळ्यांना माहीत आहे, गाळ शेतात टाकायला शेतकरी तयार होते, गावात पाच ट्रॅक्टर. किती दिवस लागतील विचारलं तर एकमुखाने उत्तर आलं, "आठ दिवसांत उरकू."

मग टेप घेऊन तलावात उतरलो. १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद भागातला १ मीटर गाळ काढायचा, म्हणजे ५,००० घनमीटर. गावाला घनमीटर कळत नाही, ब्रास कळतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. तेव्हा झाले जवळजवळ १,७६७ ब्रास. एका ट्रॉलीत धरा एक ब्रास. पाच ट्रॅक्टर, प्रत्येकाच्या दिवसाला आठ खेपा, म्हणजे ४० खेपा. भागाकार एका दहावीतल्या मुलीने केला: ४४ दिवस. शिवाय खणलेली माती फुगते, म्हणजे खेपा आणखी वाढणार. मग सुतळीकडे गेलो. तलाव कोरडा पडून शेतं रिकामी असण्याचा काळ आखाजी ते मृग. त्या वर्षी आखाजी होती ३० एप्रिलला. ७ जूनपर्यंत ३८ दिवस. आदल्या वर्षी आखाजी १० मेला होती, तेव्हा तर २८ च दिवस मिळाले असते.

आठ दिवसांचे ४४ कसे झाले यावर अर्धा तास गोंधळ. मग लोकांनीच पर्याय काढले. ट्रॅक्टर वाढवा. शेजारच्या गावाचे बोलवा. आखाजीच्या आधी सुरू करा (नाही, तळाशी अजून ओल असते, ट्रॉली फसते). शेवटी ठरलं की अर्धाच भाग करायचा: ८८३ ब्रास, २२ दिवस, माती फुगणं धरून २७. आणि एका म्हाताऱ्या गड्याने सगळ्यात मोलाची गोष्ट सांगितली: खोल भागापासून सुरुवात करायची आणि काठाकडे सरकत यायचं, म्हणजे काम मध्येच थांबलं तरी केलेलं वाया जाणार नाही.

काम थांबलंच. त्या मे महिन्यात पावसाने सगळ्यांना गाठलं. मान्सून २६ मेला मुंबईत पोचला, आणि त्याच्या आधीपासूनच आपल्याकडे अवकाळी कोसळत होता. १७ दिवसांत ६८० खेपा झाल्या आणि पोकलेन बाहेर काढावं लागलं. पण खोलगट भाग मोकळा झाला होता, साधारण १६ लाख लिटरची जास्तीची जागा. 'आठ दिवसांत उरकू' या हिशेबाने काठावरून सुरुवात केली असती तर हातात काय राहिलं असतं ते त्या गावाला आता कोणी समजावून सांगावं लागत नाही. आराखडा पुरा झाला का, तर नाही. पण मी तो यशस्वी धरते, कारण बिघडल्यावर काय करायचं ते बिघडायच्या आधी ठरलं होतं.

पैशाबद्दल एकच गोष्ट पक्की शिकवा: मंजूर झाले म्हणजे आले असं नसतं. हे समजवायला मी फाईलचा खेळ घेते. आठ खुर्च्या मांडायच्या. ग्रामसभेचा ठराव, आराखड्यात कामाचं नाव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, एमबीत (मोजमाप पुस्तकात) कामाच्या मापाची नोंद, बिल. प्रत्येक खुर्चीवर एक जण. एक फाईल फिरवायची, आणि प्रत्येकाने ती पुढे देण्याआधी 'मला काय कागद लागतो' ते विचारायचं. एका शिबिरात शाखा अभियंत्याच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंनी फाईल मांडीखाली ठेवली आणि दहा मिनिटं नुसतं "साहेब मीटिंगला गेलेत" म्हणत राहिल्या. हसून पुरेवाट झाली, पण खेळ संपल्यावर एका सरपंचाने बरोबर प्रश्न विचारला: बिल शेवटच्या खुर्चीवर आहे, मग सिमेंट कोणाच्या पैशाने आणायचं? तिथेच ठेकेदार गावात शिरतो. ज्याच्याकडे आधी गुंतवायला पैसे, काम त्याचं. हे कळल्यावर उपाय शोधता येतात: काम टप्प्याटप्प्यात पाडणं, पहिल्या टप्प्याचं बिल काढून दुसरा सुरू करणं, श्रमाचा भाग आधी उरकणं.

निधीला रंग असतात हेही सांगा. १५व्या वित्त आयोगाच्या काळात, २०२१-२२ पासून, ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पैशातला ६० टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. त्यातून सभामंडप मागणाऱ्याला ग्रामसेवक नाही म्हणतो तेव्हा गावाला वाटतं तो अडवतोय. पुढे नियम बदलतील, टक्के बदलतील, पण 'हा पैसा कशासाठी बांधलेला आहे' हा प्रश्न विचारायची सवय टिकते.

आता तो प्रश्न, जो मी प्रत्येक चिठ्ठीमागे अहिराणीत लिहून घेते: कोन करी? काम करताना कोण करेल, आणि झाल्यावर कोण करेल. दुसरा भाग आपण सगळे विसरतो. मी विसरले होते. एका बचत गटाला आम्ही पिठाची गिरणी मिळवून दिली. निधी एका ट्रस्टचा, जागा सरपंचांची, प्रशिक्षण झालं, फीत कापली. गिरणी थ्री फेजवर चालणारी, आणि त्या वस्तीवर थ्री फेज मिळायची तीही शेतीच्या वेळापत्रकाने, कधी दिवसा, कधी रात्री. बायका रात्री दोनला दळायला जाणार होत्या का? पाच महिने गिरणी गोणपाटाखाली झाकून होती. माझ्या आराखड्यात खरेदी होती, जागा होती, प्रशिक्षण होतं, वीज नव्हती. त्या गटातल्या एकीला पहिल्या दिवसापासून हे माहीत होतं. तिला मी विचारलंच नव्हतं, कारण ती बैठकीत बोलायची नाही. तेव्हापासून चिठ्ठ्या सगळ्यांकडून घेते, बोलणाऱ्यांकडून सर्वांत शेवटी.

देखभालीबद्दल खानदेशात उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. पांझरेवरची फड पद्धत काही शतकं चालली. बंधारा, पाट, शेतांचे फड, एका फडात एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी. पण मी लोकांना सांगते ते पाण्याच्या हुशारीबद्दल नाही. पाटातला गाळ काढायचं काम लाभधारकांवरच होतं आणि पाटकऱ्याचा मोबदला कोणी द्यायचा ते ठरलेलं होतं, तिकडे बघा. पांझरा खोऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांना यातलं अजून आठवतं, त्यांना शिबिरात बोलवा. तसंच साक्रीतलं बारीपाडा, गावाने मिळून जंगल राखलेलं. त्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाल्यापासून तिथे सहली फार निघतात. जरूर न्या, पण लोक जंगल बघून "किती छान" म्हणून परत येतात. त्यांना आधीच प्रश्न देऊन पाठवा: नियम कोणी केले, दंड कोण ठरवतं, राखण कोण करतं, आणि आपल्याच भाऊबंदाला दंड करायची वेळ आली तर काय करता?

महिला सरपंचांचं थोडं वेगळं लिहिते, कारण तुमच्या ३० जणांत त्या असतीलच. महाराष्ट्रात पंचायतीत ५० टक्के आरक्षण आहे, पण शिबिराला बाईंसोबत सरपंचपती येतात आणि शेजारच्या खुर्चीवर बसून उत्तरं देतात. मी भांडून पाहिलं, सूचना लावून पाहिल्या, उपयोग नाही. बाईंनाच घरी जाऊन ऐकावं लागतं. आता मी या सरपंचपतींना टेप, फूटपट्टी आणि दोन पोरं देऊन तलाव मोजायला पाठवते. काम महत्त्वाचं असतं, त्यांना मान मिळतो, आणि तीन तास पार मोकळा होतो. सुतळीच्या गाठी मात्र सरपंचबाईंच्याच हातून मारायच्या. पाहुणे आले की सुतळी समजावून सांगायची वेळ येते, आणि ज्याने गाठ मारली तोच सांगू शकतो.

आता तुमचे दोन दिवस. साहेबांनी दोन म्हटलंय तर दोनच असू द्या, पण सलग नको. पहिला दिवस गावात: सुतळी, सरक्या, फाईलचा खेळ, आणि प्रत्येक गावाने एकच काम निवडणं. काम छोटं हवं, एका हंगामात संपणारं आणि अर्धं तरी स्वतःच्या हातात असलेलं. विहिरीभोवतीचा ओटा, अंगणवाडीची गळती, पाण्याच्या टाकीचं वेळापत्रक, वनराई बंधारा. पाच कोटींचा रस्ता निवडू देऊ नका. मग तीन आठवड्यांची सुटी. तेवढ्यात त्यांनी मोजमाप घेऊन, दर विचारून, एका सहीसाठी तालुक्याला एक तरी हेलपाटा घालून यायचं. तुम्ही या काळात फोन करा, पण त्यांच्यासाठी सही आणून देऊ नका. मला हे शिकायला बरीच वर्षं लागली. आपण संस्थेची माणसं चुटकीसरशी कागद आणून देतो आणि वर म्हणतो गाव परावलंबी आहे. दुसरा दिवस त्या वहीवर: काय अडलं, कोणी अडवलं, तारीख कशी बदलली.

थोडक्यात क्रम असा: गावाची सुतळी, सरकारची सुतळी, दोन्हींत बसणारं एक काम, टेपने मोजमाप, फाईलचा रस्ता, 'कोन करी', आणि मध्ये खंड ठेवून पुन्हा भेट. तुमच्या तक्त्यांतलं पुष्कळ यात येऊन जातं, फक्त त्यांची नावं घ्यावी लागत नाहीत. देणगीदाराला नावांचे तक्ते लागत असतील तर ते रात्री तुम्ही भरा, तो तुमच्या पगाराचा भाग आहे.

सहा महिन्यांनी उपयोग झाला की नाही हे कसं ओळखायचं? मी गावात गेले की वही मागते. कोरी, स्वच्छ, पहिल्या पानावर हळदकुंकू असेल तर काही झालेलं नाही. तेलाचे डाग, खोडलेल्या तारखा, 'ट्रॅक्टर आला नाही, मंगळवारी परत' असलं काही लिहिलेलं असेल तर वही वापरात आहे. एका वन समितीच्या वहीत मला हिशोबाच्या मध्येच कोणाच्या तरी लग्नाच्या बस्त्याची यादी सापडली होती. फार बरं वाटलं.

आणि प्रमाणपत्र? द्या, त्यात गैर काही नाही. बऱ्याच बायांच्या घरात त्यांच्या नावाचा तो पहिला छापील कागद असतो, भिंतीवर लागतो, सासूही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. फक्त दुसऱ्या दिवशी द्या, पहिल्या दिवशी नको. नाहीतर दुसऱ्या दिवशी ३० पैकी ११ जण येतात, हे मी मोजलेलं आहे.

तारीख ठरवण्याआधी मात्र एक फोन करा. तुमच्या पाड्यांमधून टोळी नेणारे जे दोन-तीन मुकादम असतील, त्यांना विचारा की गाड्या कधी लागणार आहेत. त्याच्या निदान महिनाभर आधी पहिला दिवस धरा. सुतळी गावात मिळेल, पण पिशवीत एक बंडल असू द्या, जाड बघून घ्या. बारीक सुतळी कापसाच्या बोंडांनी मध्ये झोळते आणि मग होळी दिवाळीवर येऊन पडते.